खेळातल्या देवाला गाऱ्हाणं

चारकोपचं आमचं घर म्हणजे सेक्टरातल्या लहानशा प्लॉटवर उभ्या केलेल्या चार भिंती आणि वर सिमेंटचा पत्रा. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी परळची खोली सोडली आणि आम्हाला इथे आणलं, तेव्हा सगळे म्हणाले होते, कुठे जंगलात चाललात. जंगल वगैरे काही नव्हतं. संध्याकाळी खाडीकडचा वारा सुटला की चिखल आणि सुकी मासळी यांचा मिळून एक वास घरात शिरायचा आणि आई खूश होऊन म्हणायची, "गावाक इल्यासारख्या वाटता." दिवसभर पलीकडच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतून मशिनींची धडधड ऐकू यायची. बाबा तिथेच एका गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या काढणाऱ्या मशीनवर कामाला होते. आमच्या घरात निळ्या रंगाच्या इतक्या डागी बादल्या होत्या की आई तांदूळसुद्धा बादलीतच ठेवायची. सकाळी घावणे आणि कालची आमटी, रविवारी वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. मनोरीची कोळीण दारावर आली की आई तिच्याशी भांडून बांगडे घ्यायची आणि मग तिलाच बसवून चहा पाजायची. मला ते घर अजून स्वप्नात दिसतं, आणि दर वेळी त्यात कुणीतरी नारळ खवत असतं.

भिंतीला एक फळी मारून बाबांनी देव्हारा केला होता. त्यात गावच्या रवळनाथाची तसबीर, एक समई आणि शेंडीवाला नारळ. बाबा रोज आंघोळ करून समई लावायचे, हात जोडायचे आणि गाळ्यावर जायचे. त्यांचे ओठ हलायचे नाहीत. एखाद्या घरात माणसं एकमेकांना जेवायला वाढतात पण बोलत नाहीत ना, तसं बाबांचं आणि देवाचं चालू होतं. मला ते विचित्र वाटायचं, कारण बाबा गाऱ्हाणं घालणारे होते.

गाऱ्हाणं म्हणजे तक्रार असं लोक समजतात. आमच्या कोकणात त्याचा अर्थ वेगळा. कुठल्याही कामाच्या आधी देवासमोर उभं राहून मोठ्याने सांगायचं, बाबा रे, आम्ही कोण आलोय, कशासाठी आलोय, आमच्या मनात कसली भीती आहे. एक जण सांगतो आणि दर वाक्याच्या शेवटी तो "रे महाराजा" म्हणाला की जमलेली सगळी माणसं एका सुरात "व्हय महाराजा" म्हणतात. एकट्याने गाऱ्हाणं होत नाही. परळला आमच्या गाववाल्यांचं काहीही असो, लग्न, नवी खोली, पोराची नोकरी, बाबांना बोलावणं असायचं. आवाज असा की खालच्या मजल्यावरची माणसं हातातलं काम टाकून "व्हय महाराजा" म्हणायची. गिरणी बंद पडल्यानंतर बाबांनी एकदा फार मोठं गाऱ्हाणं घातलं होतं आणि गिरणी काही सुरू झाली नाही, एवढंच मला ठाऊक होतं. त्यानंतर त्यांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं नाही. चारकोपच्या घराचा वास्तूचा नारळसुद्धा त्यांनी मुकाट्याने फोडला. विचारायची आमची टाप नव्हती.

आमच्या शेजारी ग्लॅडिस राहायची. ती मूळची मनोरीची, पण शाळेसाठी आपल्या आत्याकडे राहायची आणि सुट्टी लागली की मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने घरी जायची. तिचा एक मामा बोटीवर नोकरीला होता. त्याने कुठल्याशा बंदरातून तिच्यासाठी एक खोका आणला. त्यात एक जाड इंग्रजी पुस्तक आणि वीस तोंडांचा फासा. सोंगट्या नाहीत, पट नाही. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि अडलं की फासा टाकायचा, दहाच्या वर पडलं तर जमलं. ग्लॅडिस कॉन्व्हेंटमध्ये, म्हणून पुस्तक तीच वाचणार आणि आम्हाला मराठीत सांगणार. आम्ही म्हणजे मी आणि समोरच्या किराणावाल्यांचा हितेन. हितेनने लगेच सांगितलं, मी चोर होणार. ग्लॅडिस मला म्हणाली, "तू फादर हो."

"मी फादर कशी होणार यार? मी मुलगी आहे."

"मग सिस्टर?"

"सिस्टर तलवार घेऊन फिरतात काय?"

पुस्तकात इंग्रजीत जे काही होतं त्याला तिच्याकडे एवढे दोनच शब्द होते. शेवटी ठरलं की मी भगत. भगताने प्रार्थना केली की जखमा भरतात, अंधारात उजेड पडतो, भुतं पळतात. मला ते भलतंच आवडलं. फक्त भगताला स्वतःचा देव निवडावा लागतो असं पुस्तकात होतं, आणि देवांची माहिती असलेली पानं बोटीवरच्या ओलीने एकमेकांना चिकटून बसली होती. ग्लॅडिस ती सोडवायला गेली आणि सगळ्या देवांचा लगदा झाला.

तेव्हा देव आम्हीच केले. पुस्तकात इतरत्र जे उल्लेख होते त्यावरून ग्लॅडिसने सांगितलं की तिथे प्रत्येक देवाचं एक काम असतं. एक समुद्राचा, एक युद्धाचा, एक मरणाचा, एक उजेडाचा. दुसऱ्याच्या कामात कुणी हात घालत नाही.

"हे तर मंत्रिमंडळ झालं," हितेन म्हणाला.

मला खरी अडचण वेगळीच होती. आमच्या रवळनाथाला पावसाचं सांगायचं, पोटदुखीचं सांगायचं, हरवलेल्या म्हशीचंही त्यालाच सांगायचं. शिवाय मी ग्लॅडिसला विचारलं, या देवांना नैवेद्य काय लागतो? तिने पुस्तक चाळून सांगितलं, काही लिहिलेलं नाही. इतके मोठे देव, वीज पाडणारे, आणि त्यांना कुणी जेवायला घालत नव्हतं. त्यांची जत्रा नव्हती, त्यांच्या नावाने कुणी उपास धरून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी चापत नव्हतं. मला त्या देवांची दया आली होती, हे मी आज हसत लिहिते आहे, पण तेव्हा खरंच आली होती.

परवा माझी नात टीव्हीवर असाच एक खेळ खेळत होती. तिचा योद्धा देवळात गेला, तिने एक बटण दाबलं, घंटा वाजली आणि योद्ध्याच्या अंगाभोवती सोनेरी कडं आलं. "आज्जी, आशीर्वाद मिळाला," ती म्हणाली आणि निघालीसुद्धा. मी तिला म्हटलं, अगं, थांब तरी जरा देवळात. ती म्हणाली, इथे थांबून काही मिळत नाही. मला वाटतं सगळा फरक तिथे आहे. खेळातला देव आहे की नाही अशी शंका कुणालाच नसते, तो मागितल्याबरोबर देतो किंवा नाही म्हणतो, आणि त्याच्यावर रुसलेल्या भगताची शक्ती निघून जाते, असं ग्लॅडिसच्या पुस्तकातही होतं. रुसूनही रोज समई लावणारा माणूस त्या पुस्तकात कुठेच नव्हता. तो आमच्या घरात होता.

आमचा खेळ सुरू झाला त्याच सुमारास आईच्या गळ्याला गाठ आली. आधी तिने पदर ओढून लपवली. मग आवाज घोगरा झाला आणि कोळिणीनेच बाबांना सांगितलं, दादा, बायकोला दवाखान्यात ने. डॉक्टर म्हणाले, गाठ काढावी लागेल. चांगली की वाईट ते काढल्यावरच कळेल आणि आवाजाचंही आत्ता काही सांगता येत नाही. घरी आल्यावर आईने नेहमीसारखा भात टाकला. जेवणं झाल्यावर तिने बाबांना सांगितलं, "जाताना एक गाऱ्हाणा घाला. बाकी माका काय नको."

बाबा ताटातल्या कढीत बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "ता सोडून काय्यक सांग. ता माका जमाचा नाय."

आई पुढे बोलली नाही. माझ्या आईला गप्प बसलेलं मी फारसं पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवसांत ती गप्पच असायची. घरात नारळ खवल्याचा आवाज तेवढा यायचा. मला भीती वाटायची ती गाठीची कमी आणि त्या शांततेची जास्त. आई अशीच, बाबांवर रागावलेली, न बोलता दवाखान्यात जाईल आणि नंतर कदाचित तिला बोलताच येणार नाही, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

एका रविवारी दुपारी आमचा खेळ घरात मांडला होता. बाबा उंबऱ्यात बसून टेबलफॅनची जाळी पुसत होते. आई आत वडे थापत होती. गोष्टीत हितेनचा चोर विहिरीत पडला होता आणि मरणाच्या दारात होता. मी भगत, मी प्रार्थना केली. आमच्या देवाचं नाव आम्ही उजेडमहाराज ठेवलं होतं. फासा टाकला. सात पडले.

"गेला," ग्लॅडिस म्हणाली. "देव नाही बोलला. हितेन, तू मेला."

"मेलो कसो?" उंबऱ्यातून आवाज आला. आम्ही तिघांनी वळून पाहिलं. बाबा जाळी हातात धरून आमच्याकडे बघत होते. "देवाक काय सांगलंस गो चेडवा?"

"सांगितलं ना बाबा. वाचव म्हणून."

"इतक्याच? कोण पडलो, कसो पडलो, त्येच्या मागे घरात कोण आसा, काय नाय? देवाक काय स्वप्न पडता?"

"काका, फाशाने नाही सांगितलं," ग्लॅडिस म्हणाली. "रूल आहे तसा."

"रूल देवान लिवलो काय?" बाबा जाळी बाजूला ठेवून आत आले आणि आमच्यात मांडी घालून बसले. "आमच्याकडे देवाक कौल लावतत. मूर्तीक फुलाच्यो पाकळ्यो लावूच्यो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. पण नाय इला म्हणान कोण उठान घराक जाता काय? परत इचारूचा. आपलो प्रश्न चुकलो आसात. नायतर देवाच्या मनात दुसरा काय आसात. भांडूचा त्येच्याशी."

"देवाशी भांडायचं?" ग्लॅडिसला हे फारच आवडलं.

"मगे कोणाशी? शेजाऱ्याशी?" बाबा म्हणाले. मग ते आम्हाला म्हणाले, "उभी ऱ्हवा तिघा. मी 'रे महाराजा' म्हटलंय काय तुमी 'व्हय महाराजा' म्हणूचा. जोरान."

आम्ही उभे राहिलो. बाबांनी हात जोडले, फाशाकडे बघून. आधी घसा खाकरला. आणि मग तो परळचा आवाज आला. "बा देवा उजेडमहाराजा! आज ह्यो हितेन, किराणावाल्याचो झील, चोरी करूक गेलो, ता वायट केल्यान रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"पण त्येची आवस वाट बघता. त्येच्या दुकानात गुळाची ढेप फोडूक कोण नाय रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही हसतहसत ओरडत होतो. हितेन मेलेला असूनही सगळ्यात मोठ्याने ओरडत होता. आत वडे थापायचा आवाज थांबला होता. बाबा बोलत गेले. चुकलंमाकलं पोटात घाल, हे पोर लहान आहे, विहीर खोल आहे, त्याची सोबतीण वर उभी आहे, तिच्या शब्दाला मान दे. ती खोटी विहीर मला एकदम खरी वाटायला लागली. ग्लॅडिसने हसणं थांबवलं आणि तिने आपोआप हात जोडले, तिच्या चर्चमध्ये जोडतात तसे, बोटांत बोटं गुंतवून. शेवटचं "व्हय महाराजा" झालं आणि बाबांनी स्वतः फासा टाकला.

पाच.

मला वाटलं आता बाबांचा चेहरा पडणार. पण बाबा त्या फाशाकडे बघून हसायला लागले. "ऐकना नाय," ते म्हणाले. "बेरकी आसा तुमचो देव. पण काय झाला, तरी हितेन एकटो नाय मेलो. तीन माणसा त्येच्यासाठी बोलली." एवढं बोलून ते अचानक थांबले, जणू ते वाक्य दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं होतं. मग उठून जाळी पुसायला गेले. हितेन म्हणाला, "काका, पण मी पुन्हा जिवंत होऊ ना?" त्याचं कुणी ऐकलं नाही.

संध्याकाळी पोरं गेल्यावर आई बाहेर आली. हाताला पीठ तसंच होतं. घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "पोरांच्या खोट्या देवाक गाऱ्हाणा घातलात. बायलेसाठी तोंड उघडना नाय."

मी तांदूळ निवडत होते. मान वर करायचं धाडस झालं नाही.

 बाबा म्हणाले, "खोटो म्हणानच जमला. थय कोणाचा काय बुडाचा नव्हता." आणि मग, मी तिथे आहे हे विसरून असेल किंवा मला ऐकू जावं म्हणून असेल, त्यांनी ते सांगितलं. गिरणी बंद झाल्यावर गाववाले विचारत होते, गावी जाऊ, दुसरं काम धरू की थांबू? बाबांनी गाऱ्हाणं घातलं, गिरणी सुरू कर रे महाराजा, आणि सगळी खोली "व्हय महाराजा" म्हणाली. "माझ्या तोंडच्या शब्दार माणसा थांबली. देवाचा काय जाता? त्येका कोणी इचारूक नाय. माका इचारल्यानी." देवावरचा राग म्हणून आम्ही जे समजत होतो ते असं होतं. त्यांना देवाची नव्हे, "व्हय महाराजा" म्हणणाऱ्या माणसांची भीती वाटत होती.

आई त्यांच्या शेजारी बसली. "माका बरी कर म्हणान सांगू नकात," ती म्हणाली. "नुसता सांगा. मी जातंय म्हणान. घरातला माणूस भायर जाता तर घरात कोणाक तरी सांगान जाता का नाय?"

 तिच्या हाताला सुकलेलं पीठ बाबांनी नखाने काढलं. आईवडिलांना एकमेकांचा हात धरताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी उठून पाणी प्यायला गेले.

जायच्या दिवशी सकाळी आईने स्वतःच केरवारा केला, घावणे करून झाकून ठेवले. कापडी पिशवी भरली. बाबांनी समई लावली, नारळ पुढे ठेवला आणि उभे राहिले. मग इकडेतिकडे बघायला लागले. मला कळलं. गाववाले सगळे परळला नाहीतर गावाला. आमच्या सेक्टरात डावीकडे उत्तर प्रदेशचे, उजवीकडे ग्लॅडिसची आत्या, समोर हितेन. गाऱ्हाणं घालायला माणूस तयार होता आणि "व्हय महाराजा" म्हणायला कुणी नव्हतं.

"थांबा," मी म्हटलं आणि चप्पल न घालता पळाले. ग्लॅडिस दात घासत होती, ती तशीच आली. हितेन दुकानाचं शटर अर्धवट सोडून आला. अख्ख्या चारकोपात "व्हय महाराजा" कधी म्हणायचं हे शिकलेली माणसं एवढीच होती, आणि ती एका खेळामुळे शिकली होती. त्या खेळाचे, त्या चिकटलेल्या पानांचे, बोटीवरच्या त्या न पाहिलेल्या मामाचे माझ्यावर केवढे उपकार आहेत ते मला सांगता येत नाही. देवांची ती पानं धड असती, तर आम्ही त्यांतला एखादा तयार देव घेतला असता आणि बाबांना उंबऱ्यातून उठायचं काही कारण पडलं नसतं.

आम्ही आईच्या मागे ओळीत उभे राहिलो. बाबा हात जोडून बोलायला लागले. यावेळी आवाज परळचा नव्हता, घरातल्या घरात बोलावं तसा होता. "बा देवा रवळनाथा. बरीच वर्षा बोलूक नाय, ता पोटात घाल रे महाराजा."

"व्हय महाराजा!"

"आज घरची लक्ष्मी गळ्याची गाठ काढूक जाता. तुका सांगान जाता रे महाराजा."

"व्हय महाराजा!"

"ह्या घरात तिच्या आवाजाशिवाय कायेक चलना नाय, ता तुका म्हायत आसा रे महाराजा."

"व्हय महाराजा!" आईने पदर तोंडाला लावला होता.

"आणि मी काय मागणंय नाय," बाबा म्हणाले. "मागूचा नाय असा ठरला आसा. पण... हिका परत ह्या उंबऱ्यात..."

पुढचं येईना.  बाबांनी "रे महाराजा" म्हटल्याशिवाय आम्हाला काही म्हणता येत नव्हतं. समईची वात चरचरली. मी हितेनकडे बघितलं, हितेन माझ्याकडे. आणि मध्येच, कशाचीही वाट न बघता, तोंडाला टूथपेस्टचा फेस तसाच असलेली ग्लॅडिस जिवाच्या आकांताने ओरडली, "व्हय महाराजा!"

मग आम्हीही ओरडलो. बाबांचं वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी खाली वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ वर उठले नाहीत.

बाहेर रिक्षा उभी होती. आईने पिशवी उचलली, उंबऱ्यात थांबली आणि वळून ग्लॅडिसच्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत हसू होतं.

"चुकलंस गो चेडवा," ती म्हणाली. "त्येंनी अजून महाराजा म्हणूक नव्हता. परत इलंय काय शिकवतंय तुका."

आली. आवाज आधीपेक्षा जाड झाला होता. आणि शिकवलं.